यजमानांना नमस्कार

६ जानेवारी

श्री. शिडीवाले यांस,
सप्रेम नमस्कार.

सगळं शहर तुम्हाला याच नावाने ओळखतं, म्हणून मीही तेच लिहिते. माझ्या माळ्यावर चढायची शिडी तुमच्याच कारखान्यातली आहे. अजून एकदाही डगमगली नाही.

तुमच्या ताई परवा मुद्दाम गाडीने प्रवास करून माझ्याकडे आल्या आणि विवाहमंडळात तुमचं नाव नोंदवून गेल्या. शिंप्याच्या दुकानावर माझी एका खोलीची कचेरी आहे, तिथे आम्ही बराच वेळ बोलत होतो. तुमचं वय अठ्ठेचाळीस, तुमचा बंगला, तुमचा कारखाना, सगळं त्यांनी तपशीलवार सांगितलं. स्वभावावर आल्या तेव्हा मात्र दोनच शब्द निघाले: अबोल आणि गुणी. मी एवढी वर्षं लग्नं जुळवतेय. घरचे लोक 'अबोल' म्हणतात तेव्हा माणूस एक तर तापट असतो, नाही तर त्याला लग्नच नको असतं. तुम्ही यातले कोण, ते तुम्हीच सांगितलेलं बरं.

मी फोनवर स्थळं घेत नाही. फोनवर सगळेच गोड बोलतात. ज्याला लग्न करायचंय त्याने आपल्या हाताने मला पत्र लिहायचं आणि एवढंच सांगायचं, की आत्ताच का? आमचे हे म्हणतात, "तुझ्या या प्रश्नाने निम्मी गिऱ्हाइकं पळतात." मी म्हणते, पळू देत. उरलेल्यांचं नीट जमतं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
विवाहमंडळाच्या बाई


१४ जानेवारी

आदरणीय बाई,
नमस्कार.

मी तापट नाही. दुसरी शंका बरोबर आहे. ताईने मला न विचारता नाव नोंदवलं, तेव्हा ते खोडून टाकावं ही विनंती. ताईला मात्र एवढ्यात काही कळवू नका. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे, आई गेल्यापासून तिने मला तळहातावरच्या फोडासारखं जपलंय. तिचा हिरमोड करायचा माझ्यात धीर नाही.

पत्र इथेच संपवणार होतो. पण तुमचा प्रश्न दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून पुन्हा लिहायला बसलो.

गेल्या महिन्यात कारखान्यातल्या लोकांची सहल होती. सगळे बायकामुलांना घेऊन आले होते. तळ्याकाठी फोटो काढायचं ठरलं. फोटोवाला नवा होता, मला ओळखत नव्हता. एका वेल्डरचं कुटुंब उभं होतं, मी त्यांच्या शेजारी. तो म्हणाला, "काका, तुम्ही जरा बाजूला होता का? फॅमिली येऊ द्या." मी बाजूला झालो. वेल्डर बिचारा कानकोंडा झाला. पण फोटोवाल्याचं काय चुकलं? मी त्या चौकटीत नव्हतोच. तेव्हापासून बंगल्यातल्या मोठ्या टेबलावर एकट्याने जेवायला नको वाटतं. स्वयंपाकीण झाकून ठेवून जाते आणि मी ओट्यापाशी उभ्यानेच उरकतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. नाव खोडाच. यजमानांना नमस्कार.

आपला,
शिडीवाला


२० जानेवारी

श्री. शिडीवाले यांस,
सप्रेम नमस्कार.

नाव खोडत नाही. ज्याला लग्न नको असतं तो ओट्यापाशी उभा राहून काय करतो हे मला लिहीत बसत नाही.

येत्या रविवारी सकाळी वाचनालयासमोरच्या कॉफीच्या दुकानात जा. तिथे एक चित्रकलेच्या शिक्षिका येतील. वय चव्वेचाळीस, बोलक्या आहेत, हसतमुख आहेत. तुमचं पत्र मी त्यांना दाखवलं नाही, पण तुम्ही बोलायला लागलात की ऐकत राहावंसं वाटेल एवढं सांगून ठेवलंय. हे म्हणतात, "जो माणूस इतकं चांगलं लिहितो त्याला कशाला हवी मध्यस्थ?" मी म्हटलं, तुम्ही गप्प बसा, माझ्या पोटावर पाय आणू नका.

आपली,
विवाहमंडळाच्या बाई


३ फेब्रुवारी

श्री. शिडीवाले यांस,

मी तोंडघशी पडले. शिक्षिका काल येऊन गेल्या. म्हणाल्या, "बाई, तुम्ही मला कुणाकडे पाठवलंत? तो माणूस भिंतीसारखा बसला होता. मी काही विचारलं की शेजारचा त्याचा मॅनेजर उत्तर द्यायचा. साहेबांना चित्रं आवडतात, साहेबांना प्रवास आवडतो. साहेब नुसते मान हलवत होते."

बाईला भेटायला मॅनेजर घेऊन जातात? मी माणसं एकमेकांसमोर बसवते, शिड्यांची ऑर्डर घेत नाही. तुमच्याकडे पैसा आहे म्हणून समोरच्या बाईशी दोन शब्द बोलणं तुम्हाला जड झालं असेल, तर ताईंना मीच कळवते की हे माझ्याच्याने होणार नाही. आमचे हे सहसा कुणाला नावं ठेवत नाहीत, पण तेही म्हणाले की हे बरं नाही केलं.

आपली,
विवाहमंडळाच्या बाई


८ फेब्रुवारी

आदरणीय बाई,
नमस्कार.

तुमचा राग रास्त आहे. पण कारण वेगळं आहे. ते ताईने तुम्हाला सांगितलं नाही आणि मीही लपवलं.

मी बोलताना अडखळतो. थोडंथोडकं नव्हे. काही अक्षरांवर तोंड बंदच होतं, मान ताठ होते, डोळे मिटतात, आणि समोरचा माणूस खाली बघायला लागतो. शाळेत हजेरीच्या वेळी माझ्या बाकावरचा मुलगा माझ्या वतीने 'हजर' म्हणायचा. आता ते काम मॅनेजर करतो. भला माणूस आहे. मी 'आ' केला की तो वाक्य पुरं करतो. इतकी वर्षं तो ती पुरी करतोय की माझी काही मतं माझी आहेत की त्याची, हे आता मलाच सांगता येणार नाही. चित्रं मला खरं म्हणजे आवडत नाहीत.

मला कॉफीही आवडत नाही. पण 'चहा' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही, म्हणून बाहेर गेलो की मी आयुष्यभर कॉफी पीत आलोय. त्या दिवशीही तीच प्यायलो.

कागदावर मी अडखळत नाही. तुमच्या पहिल्या पत्राला उत्तर लिहिताना मला वाटलं, इथे तरी कुणाला कळायचं कारण नाही. चूक झाली. शिक्षिकाबाईंची माझ्या वतीने माफी मागा. आता तरी नाव खोडा.

यजमानांना नमस्कार. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

आपला,
शिडीवाला


१२ फेब्रुवारी

श्री. शिडीवाले यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी माझीच जीभ चावली. रागाच्या भरात पैशाचं जे काही लिहिलं ते मागे घेते. शिक्षिकाबाईंना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. म्हणाल्या, "मग मला आधी सांगायचं ना. मी शाळेतल्या तिसरीच्या वर्गाला शिकवते. माझ्याइतका धीर कुणाला असणार?" पण त्यांचं आता दुसरीकडे बोलणं चालू झालंय.

आता माझं ऐका. पुढच्या वेळी मॅनेजरला घरी ठेवायचं. समोरच्या बाईला बसल्याबरोबर सांगून टाकायचं, की मी अडखळतो, वेळ लागेल. सांगायला जमलं नाही तर चिठ्ठीवर लिहून द्यायचं. हे म्हणतात, "लपवलेलं दुखणं दोनदा दुखतं." कधी कधी बरं बोलतात.

तुमच्यासाठी एक स्थळ आहे. दातांच्या डॉक्टर आहेत. पंचेचाळीस वय, घटस्फोटित, सरळ बोलणाऱ्या. एरवी त्यांच्यासमोर जो बसतो त्याला तसंही तोंड उघडं ठेवून गप्पच राहावं लागतं. तुमची त्यांना सवय असेल.

आपली,
विवाहमंडळाच्या बाई


२ मार्च

आदरणीय बाई,
नमस्कार.

त्या शेवटच्या ओळीवर मी कारखान्यात एकटाच इतका हसलो की मॅनेजर दार उघडून बघून गेला.

डॉक्टरबाईंना भेटलो. एकटा गेलो. चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती, पण काढली नाही. 'मी अडखळतो' हे वाक्य म्हणताना मी त्यातच अडखळलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "चालेल. आज दवाखान्याला सुट्टी आहे." मग मी चहा मागितला. वेटर दोनदा मध्येच "कॉफी का?" म्हणाला. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या, "थांबा हो जरा." तो थांबला आणि चहा आला. घरी मी रोज चहा पितो, पण मागून मिळालेला तो पहिलाच.

त्यानंतर आम्ही आणखी दोनदा भेटलो. एकदा नदीकाठी फिरायला आणि एकदा त्यांच्या घरी, त्यांच्या मुलीच्या गिटारवादनाला. मुलगी वाईट वाजवते आणि मनापासून वाजवते.

हे सगळं तुमच्यामुळे झालं. मला आता सवय लागलीय, दिवसभरात काही घडलं की ते तुम्हाला कसं लिहायचं याची वाक्यं मनात जुळवायची. पोस्टमनची सायकल फाटकाशी थांबली की मी खिडकीशी जातो. कारखान्यातल्या लोकांना वाटतं मोठी ऑर्डर यायचीय.

यजमानांना नमस्कार.

आपला,
शिडीवाला


९ मार्च

श्री. शिडीवाले यांस,
सप्रेम नमस्कार.

वाचून आनंद झाला. डॉक्टरबाईंकडूनही चांगलंच ऐकलं. आता फार लांबवू नका. हे म्हणतात, चांगल्या गोष्टीला उशीर करू नये. ताईंना मी कळवू की तुम्ही कळवता?

सध्या कामाची गडबड आहे, म्हणून एवढंच.

आपली,
विवाहमंडळाच्या बाई


२८ मार्च

आदरणीय बाई,
नमस्कार.

ताईला काही कळवू नका. डॉक्टरबाईंनी मला गेल्या आठवड्यात सरळ विचारलं, "पुढे जायचंय का?" मी खरं तेच सांगितलं, की नाही. त्यांच्यात खोट काढायला जागाच नाही. त्या म्हणाल्या, "ठीक आहे. पण दात मात्र मलाच दाखवायचे." आमची मैत्री राहील असं वाटतं.

आता माझं नाव खरोखर काढून टाका. आणखी स्थळं नकोत. कारण विचारू नका, मी सांगणार नाही, आणि या वेळी अडखळतोय म्हणून नव्हे. पत्रंही आता थांबवावीत असं वाटतं. तुमचा वेळ फार घेतला.

तुमचे यजमान भाग्यवान आहेत, एवढं त्यांना सांगा.

आपला,
शिडीवाला


४ एप्रिल

श्री. शिडीवाले यांस,

कारण विचारू नका म्हणता, मग पत्र तरी असं कशाला लिहायचं, की वाचणाऱ्याने दिवसभर तेच घोकत बसावं?

कारण डॉक्टरबाई घटस्फोटित आहेत हे असेल तर मला स्पष्ट सांगा, म्हणजे मला तुमच्यावर मनापासून रागावता येईल. मी तुम्हाला वेगळं समजत होते. नवरा टिकला नाही म्हणून बाई उणी होत नाही. हे मी तुम्हाला मंडळाची बाई म्हणून सांगत नाहीये.

तसंही मला त्यांच्याकडे जायचंच आहे. अक्कलदाढेने नाकी नऊ आणलेत, ती काढायची आहे. हे मला घेऊन जाणार आहेत. तेव्हा त्यांची बाजूही ऐकेन.

नाव काढलं आहे.

विवाहमंडळाच्या बाई


२६ एप्रिल

आदरणीय बाई,
नमस्कार.

डॉक्टरबाई घटस्फोटित आहेत याचा आणि माझ्या नकाराचा काही संबंध नाही. तुम्ही रागावू नका. दाढेची जखम भरली असेल अशी आशा आहे.

हे पत्र खरं तर तुमच्या यजमानांसाठी आहे. ते समंजस आहेत, आजवर त्यांचा प्रत्येक सल्ला मला पटला. म्हणून त्यांनाच विचारावंसं वाटतं.

समजा, एका माणसाला एक बाई आवडली. तिची पत्रं वाचता वाचता आवडली. ती विवाहित आहे असं तो धरून चालला होता, म्हणून त्याने तोंडातून शब्द काढला नाही आणि बाजूला झाला. मग त्याला कळलं, की त्या घरात यजमानांचं बोलणं तेवढं आहे, बाकी यजमानांचं काहीच नाही. अशा वेळी यजमानांनी काय करावं? त्या माणसाला थोडी जागा करून द्यावी की नाही?

ते नको म्हणाले तर मी ऐकेन. त्यांना नमस्कार सांगा.

आपला,
शिडीवाला


२ मे

श्री. शिडीवाले यांस,

तुम्हाला कळलं. मग आता सगळं नीटच ऐका.

नवरा होता. लग्नानंतर तीन वर्षांनी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि तिथेच दुसरा संसार मांडला. घटस्फोटाचे कागद पोस्टाने आले. पोट भरायला मी हे मंडळ काढलं. पहिल्याच दिवशी एका मुलीची आई आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "यजमान काय करतात?" जिला स्वतःचं सांभाळता आलं नाही तिच्याकडे ती मुलीचं नाव कशाला नोंदवेल? मी म्हटलं, "फिरतीवर असतात." झालं. पुढच्या बाईलाही तेच सांगितलं. मग कचेरीतल्या खुंटीवर एक पुरुषी रेनकोट आणून टांगला. मग कुणाला काही कडू सांगायचं असलं की 'आमचे हे म्हणतात' म्हणायला लागले. लोक माझं ऐकत नसत, यांचं ऐकत. होता होता हे इतके शहाणे झाले की काय सांगू. खरा नवरा जन्मात इतकं शहाणपणाचं कधी बोलला नव्हता.

कळल्याचा मला राग नाही. आज ना उद्या कळणारच होतं. पण तुम्ही त्याची गंमत केलीत. तुम्हाला स्वतःला कुणी हसलं तर काय होतं ते माहीत असूनही केलीत. तुम्ही तुमचं लपवलेलं मला सांगितलंत तेव्हा मी हसले नव्हते.

आता मला पत्र पाठवू नका.


५ मे

बाई,

पाठवू नका म्हटलंत तरी हे एक पाठवतो.

मी हसलो नाही. दाढ भरायला मी डॉक्टरबाईंकडे गेलो होतो. त्या सहज म्हणाल्या, "तुमच्या बाईंना भूल द्यायची होती, म्हणून सोबत कुणाला तरी आणा म्हटलं. म्हणाल्या, कुणी नाही. शेवटी मीच घरी सोडून आले. शिंप्याच्या बायकोने जिन्यावरून हाताला धरून वर नेलं." मी खुर्चीत तोंड उघडं ठेवून ऐकत होतो. तुम्ही भूल उतरलेल्या तोंडाने त्या खोलीत एकट्या पडून होता, हे डोळ्यांसमोरून हलेना. तुम्हाला न दुखवता कसं विचारावं ते सुचेना. यजमानांच्या आडून विचारलं तर तुम्हाला नाही म्हणायला सोपं जाईल असं वाटलं. ते चुकलं.

आता आडून नको. मला तुमच्याशी लग्न करायचं आहे. लोकांना कळायच्या आत तुम्ही मंडळ बंद करा. तुम्हाला यापुढे कुणापुढे खोटं सांगायची, कुणाची मनं राखायची, जिना चढायची गरज नाही. बंगला मोठा आहे. नोकरचाकर आहेत. कुणी काही बोललंच तर माझा वकील बघून घेईल. तुम्हाला कशाची झळ लागणार नाही, एवढं मी नक्की करू शकतो.

आपला,
शिडीवाला


१६ मे

श्री. शिडीवाले यांस,
नमस्कार.

दहा दिवस हे पत्र लिहितेय आणि फाडतेय.

तुम्ही हसला नाहीत हे मला पटलं. मी उगाच बोलले. मार्चमध्ये डॉक्टरबाईंबद्दलचं तुमचं पत्र आलं तेव्हा कामाची काही गडबड नव्हती, हेही सांगून टाकते. उत्तर पुढे लिहवेना, म्हणून चार ओळींत संपवलं.

पण तुमचं उत्तर मला मान्य नाही. मंडळ बंद करा म्हणता. या एका खोलीत मी माझ्या हिमतीवर उभी राहिले. खोटं सांगून राहिले हे खरं, पण काम खोटं केलं नाही. मी जुळवलेली माणसं आज एकमेकांबरोबर नांदताहेत. ते सगळं गुपचूप गुंडाळून तुमच्या बंगल्यात येऊन बसू? इतके दिवस मी एका पुरुषाच्या रेनकोटाआड लपले. आता तुमच्या बंगल्याआड लपू का? शिडीवाले, तुम्ही मॅनेजरला घरी ठेवलंत आणि त्याच्या जागी वकील आणलात.

मी लोकांना स्वतःच सांगणार आहे. येत्या रविवारी शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलंय. ज्यांची स्थळं माझ्याकडे आहेत त्यांना आणि ज्यांची लग्नं मी जमवली त्यांनाही. चिठ्ठ्या पाठवून झाल्यात. त्यानंतर काय उरेल ते बघू. तोवर मला काही विचारू नका.

आणि तुम्ही येऊ नका. तुम्ही समोर असलात तर माझ्याने बोलवणार नाही.

आपली,
बाई


२९ मे

प्रिय बाई,
नमस्कार.

मी आलो होतो, ते तुम्ही पाहिलंतच. शेवटच्या रांगेत, खांबाशेजारी बसलो. तुमचं ऐकलं नाही म्हणून आधी माफी मागतो.

तिथे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मागून ते कसं दिसलं ते सांगतो. तुम्ही व्यासपीठावर गेला नाहीत, लोकांच्या पातळीवरच उभ्या राहिलात. तुमचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ येत होता. "मला नवरा नाही. पंधरा वर्षं मी तुम्हाला आहे म्हणून सांगत आले." एवढंच म्हणालात. मग ते निळ्या कोटातले गृहस्थ उठले. "जिचा स्वतःचा संसार टिकला नाही, ती आमच्या मुलीचं काय भलं करणार?" तुम्ही त्यांना मुलीचा फोटो परत दिलात. त्यांच्यामागून लोक उठायला लागले. खुर्च्या सरकल्याचा तो आवाज माझ्या कानातून अजून जात नाही.

तेव्हा मी उभा राहिलो होतो. सगळ्यांना ऐकवायला माझ्याकडे वाक्य तयार होतं. तोंडही उघडलं होतं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी खाली बसलो. आयुष्यभर लोकांनी माझी वाक्यं पुरी केली. तुमचं मी कशाला करावं, असं त्या क्षणी वाटलं.

आणि बरं झालं, कारण मग एक बाई उठल्या, रेल्वेतल्या एका गार्डच्या बायको असं नंतर कळलं. मी त्यांना ओळखत नाही. त्या म्हणाल्या, "बाई, आमचं लग्न जमवलंत तेव्हा तुम्ही सांगितलं होतं, आमचे हे म्हणतात, कितीही भांडलात तरी एक वेळचं जेवण एकत्र करायचं. आम्ही अजून तेच पाळतो. ते म्हणालं होतं कोण मग?"

तुम्ही म्हणालात, "मीच."

"मग झालं तर. आम्ही तुमचंच ऐकत होतो म्हणायचं." आणि त्या परत खाली बसल्या, जायचं नाहीच असं ठरवल्यासारख्या. त्यांच्या शेजारचेही बसले. डॉक्टरबाई पुढे येऊन बसल्या.

शेवटी शिपायाला खुर्च्या उचलायला मदत करून मी निघून आलो. तुम्ही माणसांच्या घोळक्यात होतात, म्हणून भेटलो नाही.

बंगल्याचं आणि वकिलाचं मी जे लिहिलं ते सगळं मागे घेतो. लग्नाचं मागे घेत नाही. पण ते आता लिहून विचारणार नाही. कागदावर मला फार सोपं जातं. तुम्ही बोलवाल त्या दिवशी येऊन विचारेन, एकटा.

तुमचा,
शिडीवाला


२० जुलै

सौ. ताईंस,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तुम्ही तुमच्या भावाचं नाव माझ्याकडे नोंदवून गेला होतात. त्यांचं लग्न ठरलं, हे कळवायला हे पत्र.

मुलीची माहिती रिवाजाप्रमाणे देते. वय त्रेचाळीस. घटस्फोटित. स्वतःचा व्यवसाय आहे, तो लग्नानंतरही चालू राहील. स्वभाव तिखट. खोटं बोलायची एक जुनी सवय होती, ती सुटलीय. तुम्ही तिला भेटला आहात. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत तुमच्या समोरच बसली होती.

ताई, तुम्ही माझ्याकडे विश्वासाने आलात आणि मी स्वतःचंच जमवून बसले, असं तुम्हाला वाटलं तर मी काही म्हणणार नाही. माझ्याबद्दलचं सगळं सोबतच्या वेगळ्या कागदावर सविस्तर लिहिलंय, ते आधी वाचा. निम्मी स्थळं माझ्याकडून गेली. काही नवी आली, त्यात माझ्यासारख्या बायका जास्त आहेत. मागच्या आठवड्यात चित्रकलेच्या शिक्षिकांचं लग्न झालं, ते जमवलं दुसऱ्याच मंडळाने, पण आमंत्रण द्यायला त्या स्वतः आल्या होत्या.

तुमचे भाऊ गेल्या मंगळवारी दुपारी आले. मी बोलावलं होतं. जिना चढून आले, गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले. मी पाणी दिलं. मग ते विचारायला लागले. "तुम्ही माझ्याशी" एवढं नीट निघालं आणि पुढच्या शब्दावर ते अडले. डोळे मिटले. खाली शिंप्याचं मशीन चालू होत होतं, बंद पडत होतं. तो शब्द मला ठाऊक होता, ताई. मी रोज दहा वेळा उच्चारते. तो त्यांच्या हातात ठेवावा असं मला इतकं वाटत होतं, की मी टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून ठेवली. पण बोलले नाही. खाली बघितलंही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग तो शब्द आला. पूर्ण आला. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि ते हसत होते.

मी म्हटलं, "हो. पण मंडळ राहील."

"राहील," ते म्हणाले.

"आणि भांडण झालं तर मध्ये कुणाला आणायचं नाही. वकिलालाही नाही, मॅनेजरलाही नाही."

यावर ते इतके हसले की खालून शिंप्याने "काय झालं हो?" म्हणून विचारलं.

लग्न साध्या पद्धतीने, विवाह नोंदणी कचेरीत सह्या करून करायचं आहे. तारीख तुम्ही सांगाल ती. तुम्ही आल्याशिवाय ते सही करणार नाहीत आणि मीही नाही.

आता एक विनंती. तुमच्याकडे फोन आहे, त्यांच्याकडेही आहे, पण त्यांनी आजवर तुम्हाला कधी स्वतः फोन केला नाही, मॅनेजर करतो, हे मला आत्ता कळलं. तुमच्या काळजीने त्यांचा बोलण्याचा सगळा भार इतकी वर्षं उचलला. त्यात तुमची माया आहे, हे त्यांनाही माहीत आहे. पण येत्या रविवारी दुपारी ते माझ्या खोलीतून स्वतः नंबर फिरवून तुमच्याशी बोलणार आहेत. मी शेजारी बसणार नाही, खाली शिंप्याच्या दुकानात जाऊन बसेन.

फोन उचललात आणि पलीकडून काहीच ऐकू आलं नाही, तर लाइन तुटली असं समजू नका. 'बाळा, कसा आहेस, जेवलास का' असं विचारून त्यांच्या वतीने उत्तरही देऊ नका. नुसतं कानाला धरून ठेवा. त्यांना तुम्हाला 'ताई' म्हणायचं आहे, आणि तेवढंच म्हणायला थोडा वेळ लागेल.

तुमची,
होणारी भावजय